यदुल्लाहच्या दातांतली फट

इस्फहानमध्ये नेय ही बासरी ओठांवर ठेवत नाहीत. तिचं पितळी तोंड वरच्या दोन दातांमधल्या फटीत अडकवतात. यदुल्लाहची फट जन्माची, चाळीस वर्षांच्या वाजवण्याने नेयच्या मापाची झालेली. पण ते दोन्ही दात हलू लागले, आतलं हाड झिजलं आणि सूर घसरू लागला.

डॉक्टर फिरूजेने दात काढून खड्ड्यांत हाडाची भुकटी भरली, टाके घातले.

"हाड धरायला सहा महिने, हाजी आगा. मग स्क्रू, मग दात. तोवर काही फुंकायचं नाही, नाहीतर सगळं मातीत. काम काय करता?"

"गिरणीतून निवृत्त झालोय."

खोटं नव्हतं ते. पण आपण वादक आहोत, हे स्वतःच्या तोंडाने सांगायला त्याची जीभ रेटेना. असल्या नम्रतेला काय म्हणावं?

नेय पिशवीत घालून खुंटीला टांगली गेली. दातांत साखरेचा खडा धरून चहा पिणारा माणूस आजाऱ्यासारखी साखर ढवळून पिऊ लागला. "बरं झालं, घरात शांतता आहे," असं बायको तूबा म्हणायची आणि दर शुक्रवारी नेयची पिशवी पुसायची.

हाड छान धरलं, स्क्रूही बसले. डॉक्टरने विचारलं, "दात कसे हवेत?"

"खानम डॉक्टर, तुमची पसंती तीच माझी."

आपल्या इस्फहानात असं म्हणायचंच असतं, आणि समोरच्याने पुन्हा दोनदा विचारायचं असतं. डॉक्टर घाईत होती. तिने एकदाच विचारलं.

शेवटच्या दिवशी तिने हौसेने आरसा धरला. "ही माझ्याकडून भेट! ती फट बुजवून टाकली. वीस वर्षांनी तरुण दिसताय!"

अरे बोल, बाबा, आता तरी बोल! पण यदुल्लाहने छातीवर हात ठेवला. "तुमचे हात कधी दुखू नयेत, खानम."

घरी तूबाने नेय काढूनच ठेवली होती. त्याने ती दातांना लावली, ती निसटली. पुन्हा लावली. नुसती हवा फुसफुसली.

"जा, सांगा तिला! पुन्हा करायला लावा!"

"भेट दिलीय गं तिने. परत कोणत्या तोंडाने करू?"

तूबाने चहा आणला. यदुल्लाहने नव्या दातांत साखरेचा खडा धरला. तो मात्र पक्का बसला.