अंड्यातून उतरलेला मामा

उलव्यात भाचीचं लग्न होतं आणि तिला बोहल्यावर आणायचं काम मामाचं, म्हणजे माझं. खांदा कॉलनीत सगळ्यांना दाखवून झालेली नवी लांबलचक गाडी वऱ्हाडालाही दाखवावी, म्हणून मी एकटाच मिरवत निघालो आणि जवळचा रस्ता म्हणून गव्हाणच्या गल्लीत शिरलो. समोर कुणाच्या तरी हळदीचा मांडव, अख्खा रस्ता व्यापून. वळायला जागा नाही आणि मुहूर्त डोक्यावर.

तेवढ्यात मांडवाच्या खांबांमधून एक पांढरं अंडं बाहेर आलं. अंडं कसलं, अंड्याच्या आकाराचं टप चढवलेली सायकल: खाली तीन चाकं, आत पेडल मारणारा माणूस, मागे पावाच्या लाद्या.

"काय शेट, गारी मोठी घेतलीस, रस्ता घेवाला इसरलास काय?"

मी रडवेल्या तोंडानं लग्नाचं सांगितलं. त्यानं लाद्या मांडवातल्या बायकांकडे सोपवल्या, अंडं जागच्या जागी वळवलं आणि म्हणाला, "बस. पोट आत घे."

वाटेत समोरून येणाऱ्या प्रत्येक डंपरला खालचं अंडं दिसावं म्हणून तो हात उंचावून रामराम करत होता.

हॉलच्या दारात मी अंड्यातून उतरलो, तेव्हा वऱ्हाड हसलं आणि मामा वेळेत पोचला म्हणून भाची रडली. आभार मानायला वळलो, तर तो पावाकडे परत निघालेला.

मी उतरताना कुणीतरी काढलेल्या फोटोत त्याचं पेडलवरचं पाऊल तेवढं आलंय. घरी येणाऱ्याला आता मी गाडीच्या आधी तेच दाखवतो.