मावलीला होडीचा रंग

जुन्या गोव्यातून निघाले तेव्हा माझी मान अवघडली होती. सारखं वर बघून दुसरं काय होणार! छतापर्यंत चढलेल्या सोनेरी वेद्या, पीळ दिलेले खांब, गालफुगे देवदूत, सगळं कसं झगझगीत. कोल्हापुरात शाळेतल्या मुलींना कळशी आणि जास्वंद काढायला शिकवणारी मी ड्रॉइंगची बाई. असला थाट पाहून माझं भानच हरपलं होतं. आणि तो थाट डोळ्यांत साठवूनच मी थेट भाईंदरला उतरले.

बोलावणं अॅग्नेसचं होतं. मुंबईत चित्रकला शिकताना आम्ही हॉस्टेलवर एका खोलीत राहिलो. ती उत्तनजवळच्या चौक गावची, कोळ्यांच्या ख्रिस्ती घरातली. त्यांच्या चर्चमधल्या मावलीवरून, म्हणजे मारियेच्या मूर्तीवरून, गावात वाद पेटला होता. अॅग्नेसनं फादरना सांगून टाकलं होतं की माझी मैत्रीण येतेय, ती बघेल आणि काय ते ठरवेल. मत द्यायला मी कधीच मागे हटत नाही, हे तिला चांगलं ठाऊक.

साठीचं दशक संपत आलं होतं. भाईंदर म्हणजे तेव्हा स्टेशन, थोडी वस्ती आणि नजर जाईल तिथवर मिठागरं. पावसाळ्यात मीठ नसतं, नुसतं राखाडी पाणी आणि त्यात उभे बगळे. एसटीत माझ्या शेजारी एक रत्नागिरीचे गृहस्थ होते, इथल्याच कारखान्यात नोकरीला. मी चर्च बघायला निघालेय म्हटल्यावर ते म्हणाले, "गोव्यासारखं काय नाय हां तिथं. साधंच हाय." मी म्हटलं, "बघू तरी." तर म्हणाले, "बघा बापडं. मासळी मात्र झकास मिळंल."

चौकला उतरले आणि पहिल्याच पावलाला चिखलात बसले. बॅग एकीकडे, छत्री दुसरीकडे! जाळी विणत बसलेल्या दोन बायका हसत हसत धावून आल्या आणि मला उचलून उभं केलं. "अॅग्नेसची बाय ना गो तू? चल, तुना घरा नेतंव."

अॅग्नेसच्या घरी तिची आई फिलूमावशी आणि भाऊ बस्त्याव. मावशी लाल लुगड्यातल्या, ताठ कण्याच्या. वडील वारून बरीच वर्षं झालेली. जेवायला तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाचं कालवण आणि फुगे (आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे). त्या कालवणाला अशी काही चव होती की मी तीनदा मागून घेतलं. पण घरात बोलणं कमीच. बहीण भावाकडे बघत नव्हती आणि भाऊ ताटातून मान वर काढत नव्हता.

शेवटी मीच विचारलं, "अरे, भांडण तरी कशाचं आहे, सांगाल का?"

तर प्रकार असा. दर वर्षी पावसाचा जोर ओसरला की मासेमारीच्या मोसमाच्या तोंडावर, होड्या पाण्यात लोटण्याआधी, गावातल्या एका होडीची माणसं मावलीला रंग देतात. पाळी लागलेली असते. आणि रंग कुठला? त्या होडीला जो लावला, त्याच डब्यातला! मग मावलीला किनाऱ्यावर नेऊन होड्यांसाठी आशीर्वाद मागतात. यंदा पाळी बस्त्यावच्या होडीची. तो पहिल्यांदाच तांडेल (होडीचा मुख्य) झाला होता आणि निळ्या रंगाचा डबा आणून बसला होता. पण नव्या फादरनी रंगाला मनाई केली. आणि मावलीला रंग लागल्याशिवाय त्याच्या होडीत पाय ठेवायला एकही खलाशी तयार नव्हता.

"मोसम गेला तर मी काय करू, ताई?" बस्त्याव म्हणाला. "होरी काय चुलीत घालू?"

अॅग्नेस उसळली. "आणि शंभर वर्षं तुम्ही तिला होडीसारखी माखताय त्याचं काय? खाली सोनं आहे, सोनं! गावातली म्हातारी माणसं सांगायची ना!"

दुसऱ्या दिवशी अॅग्नेस, फिलूमावशी आणि मी चर्चमध्ये गेलो. भिंती पांढऱ्याफेक, कौलारू छप्पर, लाकडी बाकं. फादर तरुण होते, वसईकडचे, बोलायला मोकळे. पूर्वी लॅटिनमध्ये होणारी मिस्सा (चर्चमधली उपासना) आता मराठीत होते, फादर लोकांकडे तोंड करून उभे राहतात, त्यासाठी साधं टेबल पुढे आणलेलं. "देव गरिबाच्या घरी जन्मला," ते म्हणाले. "मला इथं लाकूड दिसायला हवं. सोनं नको आणि हा भडक रंगही नको. तासून साधी करू या." म्हणजे फादरना लाकूड हवं, अॅग्नेसला सोनं आणि बस्त्यावला निळा रंग. मावली एकच!

मूर्ती अडीचेक हात उंच, लाकडाची. आणि रंग म्हणाल तर बाई गं! थरावर थर चढून बोटं एकमेकांना चिकटलेली, नाक बुजलेलं, डोळे म्हणजे दोन काळे ठिपके. गोव्याच्या थाटानंतर हे बघून मला हसूच आलं. मी मनातल्या मनात निकाल देऊन टाकला. रंग उतरवायचा, दुसरं काय!

फादरनी परवानगी दिली तसं मी खाली वर्तमानपत्र अंथरलं, टर्पेंटाइनमध्ये कापूस भिजवला आणि झग्याच्या मागच्या काठाशी, कुणाला दिसणार नाही अशा जागी, चाकूनं अलगद खरवडायला लागले. लाल निघाला. त्याखाली पिवळा, मग निळा, मग परत लाल, असे कितीतरी थर, मग हिरवा, आणि त्याखाली आणखी थर. खपल्या कागदावर पडत होत्या. आणि मग एकदम सोनं! तळहाताएवढ्या जागेत कोरलेली वेलबुट्टी, पानापानावर सोन्याचा वर्ख, अगदी काल चढवल्यासारखा. मी ओरडलेच. अॅग्नेसनं मला मिठी मारली. फादरही खाली वाकून बघत राहिले.

फिलूमावशी मात्र सोन्याकडे बघतच नव्हत्या. त्या कागदाशी बसल्या होत्या. त्यांनी खपल्यांतली एक हिरवी खपली उचलून तळव्यावर घेतली.

"हा माज्या घोवाचा रंग," त्या म्हणाल्या. "त्याची होरी हिरवी व्हती. पाली आली तवा त्यानंच लावला, मी डबा धरून उभी व्हती." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हा पन काढशील काय गो, बाय?"

माझा हात तिथेच थांबला. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. नवऱ्याची होडी गेली, नवरा गेला, आणि त्याच्या हातचं जे काही उरलं होतं ते मी चाकूनं खरवडून कागदावर पाडलं होतं. पण नुसत्या रडण्यावर मत देणारी मी नव्हे. मी त्या सोन्याकडे पुन्हा नीट पाहिलं. चर्चच्या दाराला समुद्राचा वारा थेट लागतो. दाराच्या बिजागऱ्या गंजून गेलेल्या, खिडकीचे गज हाताला लागताच भुगा होणारे. असल्या खाऱ्या हवेत हा वर्ख एवढी वर्षं टिकला कसा? एकाच कारणानं. कोळ्यांनी त्याच्यावर दर वर्षी होडीचा रंग चढवला म्हणून! होडीचं लाकूड जसं जपतात, तसंच त्यांनी हिला जपलं.

रविवारी मिस्सेनंतर फादरनी सगळ्यांसमोर मला उभं केलं. मी ठणकावून सांगितलं, "सोनं खरं आहे. काम इतकं सुंदर आहे की गोव्यातसुद्धा मान वळवून बघावं लागेल. आणि ते उघडं ठेवलंत तर थोड्या वर्षांत त्याची माती होईल. तासलंत तर आजच होईल. तेव्हा रंगवा, खुशाल रंगवा!"

मग फिलूमावशी बाकावरून उठल्या. "माजं पन सोनं पेटीत हाय. रोज कोन घालून फिरतं काय?" सगळं चर्च हसलं. फादरही हसले. म्हणाले, "मला साधी हवी होती ना? मग ह्या निळ्या रंगाहून साधं आणखी काय असणार!"

अॅग्नेस हसली नाही. ती तरातरा बाहेर निघून गेली. मी मागोमाग गेले तर म्हणाली, "तू माझ्या बाजूनं बोलशील वाटलं होतं. आमच्या गावात एवढी मोठी चीज आहे, हे बाहेर कुणाला कधी कळणारच नाही का? आम्ही नेहमी साधंच का राहायचं?" तिचं म्हणणं काही चुकीचं नव्हतं, आजही मला ते चुकीचं वाटत नाही.

दुपारी बस्त्याव आणि त्याचे खलाशी अनवाणी उभे राहून मावलीला रंगवत होते. निळाशार रंग, तोच जो बाहेर होडीवर वाळत होता. सगळं झालं, उरली फक्त मागची ती तळहाताएवढी सोन्याची जागा. बस्त्यावनं ब्रश उचलला आणि थांबला. बाईमाणसानं मावलीला रंग लावल्याचं गावात कुणी पाहिलं नव्हतं. त्यानं दाराशी उभ्या असलेल्या अॅग्नेसला हाक मारली.

"ये गो. मोसमाचा डबा हाय, तुजा पन हात लागू दे."

ती आली. ब्रश हातात घेऊन बराच वेळ त्या सोन्याकडे बघत राहिली. मग डोळे पुसत, एकेक पान सावकाश, तिनं ते सगळं निळं करून टाकलं. खलाशांनी बाजूला सरून तिला जागा करून दिली होती. मावशींनी डबा धरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावलीला किनाऱ्यावर आणलं. रंग पुरता वाळला नव्हता, त्यामुळे वाहून आणणाऱ्यांचे हात निळे झाले होते. फादरनी पवित्र पाणी शिंपडलं, बायकांनी गाणं धरलं, आणि बस्त्यावच्या होडीत एकेक करून सगळे खलाशी चढले. कुणी मागे राहिलं नाही. होडी लाटांवर आपटत निघाली, तेव्हा अॅग्नेसनं माझा हात घट्ट धरला. म्हणाली, "माझा राग गेलेला नाही हां." मी म्हटलं, "नको जाऊ देऊ."

माझी एसटी दुपारची होती. बॅग भरून तयार होती, मावशींनी वाटेसाठी फुगे बांधून दिले होते. शाळेतली माझी रजा संपली होती, मला कोल्हापूरला पोचायलाच हवं होतं. चित्रांवर, मूर्तींवर मी आयुष्यभर मतं देत आले आहे. द्यायची, चहा प्यायचा आणि विसरून जायचं, एवढंच त्यांचं मोल. पण ह्या एका मतावर विसंबून माणसं समुद्रात गेली होती, आणि समुद्र काही शांत नव्हता. एसटी आली, कंडक्टरनं दोनदा बेल मारली, म्हणाला, "चला बाई, येताय ना?" मी नाही म्हटलं. किनाऱ्यावर होडीची वाट बघत बसलेल्या फिलूमावशींच्या शेजारी वाळूत जाऊन बसले, आणि संध्याकाळी ती निळी होडी परत दिसेपर्यंत आम्ही दोघी जागच्या हललो नाही.