पाण्यात क्लोरीन नाही म्हणे!

आमचे हे पोहण्याच्या तलावांची निगा राखतात. तलाव म्हणजे श्रीमंतांच्या घरामागचे, निळ्या फरशीचे. मालक त्यात वर्षातून चारदा उतरतो आणि उरलेले दिवस लोकांना नुसता दाखवतो. बावीस वर्षं यांचं हेच काम. यांचा गुडघा दुखायला लागल्यापासून लांब दांड्याचा ब्रश मी मारते आणि हे काठावर बसून पाणी तपासतात. काचेच्या नळीत तलावाचं पाणी, त्यात पाच थेंब औषध, मग आलेला गुलाबी रंग पट्टीशी ताडून बघायचा. फिका आला तर क्लोरीन कमी, दोन दिवसांत शेवाळ धरणार. गडद आला तर जास्त, डोळे चुरचुरणार. थेंब मोजताना कुणी मध्ये बोललं की हे खवळतात, नळी ओतून देतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

राग नाकाच्या शेंड्यावर, आणि जिभेला हाड नाही. एक डॉक्टर मुठीने क्लोरीन टाकताना दिसला, तर त्याला म्हणाले, "पेशंटलाही असंच मूठभर देता का?" ते घर सुटलं. अशी पाच घरं सुटली. शेवटी मी वैतागले. वकीलसाहेबांच्या बंगल्याचं काम लागलं त्या दिवशी यांना दारातच अडवलं. "माझ्या गळ्याची शपथ आहे. या घरात काहीही झालं तरी तोंड उघडायचं नाही." यांनी मान हलवली. वर्षभर पाळलीही.

वकीलसाहेबांची आठ वर्षांची मुलगी सतत चिवचिवायची, म्हणून हे तिला चिमणी म्हणत. थेंब मोजताना बोलायची परवानगी तिला एकटीला होती, कारण ती थेंबच मोजायची.

एका आठवड्यात वकीलसाहेबांनी आम्हाला येऊ नका म्हणून सांगितलं. घरी पाहुणे होते. त्यांच्या गप्पांत पंपाची घरघर नको म्हणून पंपही बंद केला. कडक ऊन, त्यात क्लोरीन उडून गेलेलं, पाणी जागचं हलत नव्हतं. शेवाळाला रान मोकळं! पाचव्या दिवशी तलाव हिरवा झाला. आम्हाला एक फोन करायला काय झालं होतं? पण नाही. शहाण्याने आम्ही तिथे ठेवलेला क्लोरीनचा डबा स्वतःच उघडला, पूड ओतली, नळीत पाणी घेऊन थेंब टाकले. रंग आला नाही. आणखी ओतली. रंग नाही. तिसऱ्यांदा डबा उपडा केला. तरी नळी कोरीच. मग मात्र फोन आला, "या. तुमची चोरी पकडली आहे."

सकाळी पोचलो तर फाटकापाशीच नाकात झिणझिण्या आल्या. पाण्याचा हिरवेपणा गेला होता, सगळं दुधी झालं होतं. पायऱ्यांवर न विरघळलेले पांढरे दाणे पडले होते. काठावर चिमणी पोहायचे कपडे घालून तयार.

वकीलसाहेबांनी नळी यांच्या नाकासमोर नाचवली. "बघा. थेंबभर क्लोरीन नाही. डब्यात काय भरून देता, खडूची पूड?"

यांचा जबडा आवळलेला मला दिसत होता. यांनी नळी धुतली, तलावाचं इवलंसं पाणी घेतलं, वर आमच्या बाटलीतलं प्यायचं पाणी भरलं आणि पाच थेंब टाकले. नळी गडद गुलाबी झाली. क्लोरीन हद्दीबाहेर गेलं की औषधाचा रंगच खाऊन टाकतं, आणि नळी कोरी दिसते. आमच्या धंद्यात हे पहिल्या वर्षी शिकतात. पाणी पातळ करून बघितलं की खरं काय ते कळतं. पण समजावून सांगायला तोंड लागतं, आणि त्याला मी कुलूप घातलेलं.

"वा! माझ्या डोळ्यांदेखत रंग टाकलात?" वकीलसाहेब म्हणाले.

माझं डोकं फिरलं. शपथ यांना होती, मला नव्हती. "अहो साहेब, क्लोरीन नव्हतं तर कालचं शेवाळ काय लाजून मेलं?"

"मी नोकरमाणसांशी वाद घालत नाही," असं म्हणून ते मुलीकडे वळले. "जा गं, उतर तू. पाण्यात काही नाहीच आहे."

चिमणीने यांच्याकडे बघितलं. "काका, उतरू?"

यांनी तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि मिटलं. मी वकिलाकडे डोळे वटारून उभी होते. तेवढ्यात पोरगी दोन पायऱ्या उतरली.

"बाहेर! बाहेर ये, कार्टे!" हे असे ओरडले की शेजारची खिडकी उघडली. दुखऱ्या गुडघ्याने धावले, तिला दंडाला धरून वर ओढलं आणि नळाखाली तिचे पाय धूत बसले. तळवे लालबुंद झाले होते. पोर हमसून हमसून रडत होती.

"माझ्या मुलीला कार्टी म्हणता? चालते व्हा!" वकीलसाहेब गरजले. पण त्या पायांकडे त्यांचं लक्ष गेलं होतं. पुन्हा उतर म्हणायची त्यांची छाती झाली नाही. चूक झाली, एवढे दोन शब्दही तोंडातून फुटले नाहीत.

परत येताना स्कूटरवर मागे बसून मी त्या माणसाचा उद्धार करत होते. चोर म्हणतो! खडू म्हणतो! स्वतःच्या पोरीला कुठे उतरवतोय ते कळत नाही, आणि म्हणे वकील! सिग्नलला थांबल्यावर हे मागे न बघता म्हणाले, "तिने मला विचारलं होतं गं."

"हो, मग? ओढलंत ना बाहेर?"

"विचारलं तेव्हा तिचे पाय कोरडे होते. मी तुझी शपथ आठवत उभा राहिलो."

मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. सिग्नल सुटला होता, हे हलायला तयार नव्हते.

"सुटली म्हण," हे म्हणाले. "आधी सुटली म्हण."

"सुटली," मी म्हणाले.