मिशी दिसेपर्यंत

कांबळेमामा घासलेला तांब्याचा तुकडा हातात घेतला की आधी त्यात आपली मिशी बघायचे. नांदेडच्या आमच्या कॉलेजात ते धातूंच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. माझा तुकडा बघून हमखास म्हणायचे, "मिशीत ओरखडा हाय, बाई. परत घास."

मी उमरीजवळच्या खेड्यातली, आमच्या घरातून कॉलेजला आलेली पहिलीच. पुस्तकातली 'कणसीमा' मला कळेना. विचारायची लाज वाटायची. मामांनी ते ओळखलं आणि मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. काळ्या रेघांनी विभागलेले लहान-मोठे कण दिसले.

"हे कण म्हंजे रानं, अन् ह्या रेघा, तुझी ती कणसीमा, म्हंजे बांध. पत्रा लाटला की समदी रानं चेपून एका अंगाला आडवी व्हतेत. मंग भट्टीत तापवलं की नवे कण पहिल्यांदा बांधावर फुटतेत, गवतावानी. ताण तिथंच जास्त असतो ना!"

शेवटच्या वर्षी प्रकल्पात माझा तुकडा बिघडला. कच्चा राहील या भीतीने मी तो भट्टीत फार वेळ ठेवला होता. बारीक नवे कण हवे होते, दिसले मोठाले. दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा. नापास झाले असते तर वडिलांनी आणखी एक वर्ष दिलं नसतं. मी मैत्रिणीच्या तुकड्याचा सूक्ष्मदर्शकातून काढलेला फोटो माझ्या अहवालात चिकटवला.

मामांनी अहवाल चाळला. "हे तुझं रान न्हाई."

"माझं खराब झालं, मामा."

"खराब कशाचं? मोठ्यानं बांध कोरून बारक्याचं रान खाल्लं. आमच्या गावात बी तेच चालू हाय. कसं खाल्लं ते सांग की सायबाला!"

मी तो काढून माझ्याच तुकड्याचा फोटो लावला. परीक्षकांनी भुवई उंचावली. "इतके मोठे कण?"

"चूक माझी, सर." बांध कसे सरकत गेले ते मी सगळं सांगितलं. शेवटी त्यांनी विचारलं, नव्या कणांमधल्या अणूंच्या रांगांची दिशा कोणती?

"या सूक्ष्मदर्शकात ती कळत नाही, सर."

"बरोबर. नाहीच कळत," ते म्हणाले. मी पास झाले.

त्याच उन्हाळ्यात मामा निवृत्त होऊन लातूरकडच्या आपल्या गावी गेले. जाताना त्यांनी माझा तोच तुकडा नव्याने घासून माझ्या हातात ठेवला. मला मिशी नाही, मी टिकली बघितली. स्वच्छ दिसली.

आता मी पुढचं शिकते आहे. तुकडा घासून झाला की अजून टिकलीच बघते. तिच्यावर ओरखडा दिसला, तर कुणी सांगायची वाट न बघता परत घासायला बसते.