तिसरा खांब नापास

तिसरा खांब नापास झाला होता. तो गेला की पूल गेला, आणि नवा पूल बांधायची ऐपत जपानमधल्या त्या चिमुकल्या रेल्वे कंपनीची नव्हती. म्हणजे पुरानंतर थांबलेली डोंगरातली ती लाइन कायमची बंद होऊन तिथे बस धावणार.

आमचं ऑफिस सिंगापुरात, बुकित बातोकला. आमच्याकडे काम सेकंड ओपिनियनचं. तिकडे जपानात पुलाच्या खांबाला जड वजनाचा दणका देतात आणि तो किती भरभर थरथरतो ते मोजतात. पाया पक्का असेल तर थरथर जलद; पुराने पायाखालची माती नेली असेल तर संथ. आपण माठ टिचकी मारून घेतो, तसंच. आमच्या तिसऱ्याची थरथर फारच संथ होती.

रेल्वेतर्फे मोरी-सान, म्हणजे मोरीसाहेब, बोलायचे. साठीचे, हसरे इंजिनियर. व्हिडिओवर साइट दाखवताना रूळ ओलांडायचे असले की थांबायचे, दोन्हीकडे बोट दाखवून मोठ्याने ‘गाडी नाही’ म्हणायचे, मगच पाऊल टाकायचे. रुळांवर गवत वाढलं होतं, गाडी कुठून येणार? माझा बॉस लिम पहिल्यांदा हसला. पुढच्या कॉलला मात्र त्यांचं होईपर्यंत गुपचूप थांबला. मला हा माणूस मनापासून आवडला होता, आणि त्याच्या पुलाला मूठमाती द्यायचं काम माझ्याकडे आलं होतं.

रिपोर्ट लिहिताना एक फोटो मोठा करून पाहिला. खांबाच्या बुंध्याशी पुरातले ओंडके आणि गाळ घट्ट अडकले होते. एवढं ओझं अंगावर असेल तर धडधाकट खांबही संथ हलेल. ते काढून पुन्हा का मोजलं नाही, असं मी मोरी-सानना विचारलं.

“मी रेल्वेचा माणूस. मी मागितलं तर लाइन वाचवायला मागतोय असं दिसेल. बाहेरच्याने म्हणायला हवं.”

“मग मीटिंगमध्ये बोल,” लिम त्याच्या सिंगापुरी ‘लाह’सकट म्हणाला. “सगळे असतील लाह.”

इथेच गाडं अडलं असतं. जपानमध्ये मीटिंगला फक्त शिक्कामोर्तब होतं. खरी बोलणी आधी एकेकाशी झालेली असतात. साखरपुड्याच्या दिवशी उठून कोणी मुलीची पत्रिका मागत नाही. म्हणून ओंडके काढून पुन्हा मोजूया, हे सांगायला मी आधीच फोन लावले. आधी सरकारी पूल-अधिकारी, मग नगरपालिका, शेवटी चक्क बसची योजना आखणारे गृहस्थ. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचार करतो म्हणाले.

“आणि रीडिंग आणखी वाईट आलं तर?” लिमने विचारलं.

“तर बसच धावेल. आणि तसं मीच लिहीन.”

एकेकाचा होकार आला आणि ओंडके निघाले. पुन्हा दणका दिला. तिसरा काठावर पास झाला. पायाशी काँक्रीटचे ठोकळे टाकले की चालणार होता. मीटिंगमध्ये कोणी चकार शब्द काढला नाही. चहा निवायच्या आत दुरुस्ती मंजूर झाली.

लाइन सुरू झाली त्या दिवशी एक व्हिडिओ आला. सगळं गाव गाडीत किंवा स्टेशनवर होतं. मोरी-सान मात्र नदीत, गुडघाभर पाण्यात उभे. वरून गाडी जाईपर्यंत त्यांचा तळहात तिसऱ्या खांबावर होता. मी ऑफिसात सगळ्यांदेखत रडले.

बाकी धडा साधा आहे. नापास झालेल्याला रीचेकिंगचा अर्ज स्वतः करवत नाही. तो दुसऱ्या कोणीतरी भरावा.