सतरा नंबरचा खांब

नोकरीतल्या पुष्कळ केसेस मी विसरलो. खून, दरोडे आठवायचे तर जुन्या डायऱ्या काढाव्या लागतात. या प्रकरणात तर गुन्हाही दाखल झाला नव्हता. तरी ते मनातून जात नाही.

तेव्हा मी दापोलीच्या किनाऱ्यावरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना एका गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला.

"साहेब, सतरा नंबरच्या खांबावर डबा बसवलानी हाय. वर माशाच्या काट्यासारखी सळी. तोंड सरळ दर्याकडं."

"बसवला कोणी?"

"म्हायत नाय. दोन मानसं गाडी घेवन आली नि गेली. चाचा खालून त्यांना काय काय सांगत हुता."

चाचा म्हणजे त्या खांबासमोरच्या घरात एकटे राहणारे एक वृद्ध. जन्मभर जहाजांवर इलेक्ट्रिशियन होते. बायको वारलेली, एकुलती मुलगी मस्कतला.

समुद्रातल्या बोटींना कोणी संदेश देत असेल तर? किनाऱ्यावरच्या ठाण्यात अशी खबर कोणी हलक्यात घेत नाही. मी जाऊन पाहिलं. राखाडी डबा, वर आडव्या काड्या लावलेली सळी. लांब काड्यांची बाजू खरंच समुद्राकडे होती. वीज कार्यालयाला पत्र पाठवलं: खांब क्रमांक सतरावर आपले उपकरण आहे काय? दुसऱ्या दिवशी सही-शिक्क्यानिशी उत्तर आलं: सदर खांबावर या कार्यालयाचे कोणतेही उपकरण नाही. वरिष्ठांनी सांगितलं, तज्ज्ञ येईपर्यंत डब्याला हात लावू नका, माणसाकडे चौकशी करा.

मी चाचांना जीपमध्ये बसवून आणलं. भर बाजाराच्या वेळी.

योगायोग असा की त्यांच्या पासपोर्टची पडताळणी माझ्याच टेबलावर होती. मुलीकडे राहायला जायचं होतं. आमचा अहवाल गेल्याशिवाय पासपोर्ट मिळणार नव्हता. ती फाईल मी ड्रॉवरमध्ये टाकली.

"त्या माणसांना काय सांगत होतात?" मी विचारलं.

"सांध्याला टेप गुंडाळा म्हटलं. खारा वारा आहे, सहा महिन्यांत गंजेल."

"कोण होते ते?"

"लाईटवाले म्हणाले. लाईटवाल्यांचाच डबा आहे तो."

"लाईटवाले तर नाही म्हणतात. लेखी."

"मग त्यांना परत विचारा, साहेब. आणि तोंड दर्याकडं नाही त्याचं. ती पाठ आहे. काड्या जिकडं आखूड होत जातात, तिकडं तोंड."

आमचे हवालदार हसले. "चाचा, आमचा टीव्ही लागत नाही सकाळपासून. येता का जरा बघायला?"

"टीव्हीचंही तसंच असतं," चाचा शांतपणे म्हणाले.

आता लिहायला लाज वाटते, पण लिहितो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. बी.एस्सी., तेही फिजिक्स घेऊन. त्याचा मला अभिमान होता, आजही आहे. आठवीत शाळा सोडलेल्या माणसाने मला अँटेनाचं तोंड दाखवावं, हे रुचलं नाही. याला एवढं कळतं म्हणजे याचाच हात आहे, असं मी धरून चाललो. त्यांचं ज्ञान हाच मी पुरावा केला.

पाच दिवस त्यांना रोज बोलावलं. एस.टी.ने यायचे, बाकावर बसायचे, तोच जबाब द्यायचे. आवाज कधी चढला नाही. पाचव्या दिवशी जाताना एवढंच म्हणाले, "साहेब, मला काय करायचं ते करा. पण एकदा त्या खांबाखाली उभे राहा आणि आखूड काडीकडून बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो. खांबाखाली उभा राहिलो आणि प्रथमच समुद्राकडे पाठ केली. समोर सडा, कातळाचं उघडं पठार, आणि सड्याच्या टोकाला वीज उपकेंद्र. तिथे गेलो तर छपरावर तसाच काटा, तोंड गावाकडे.

तिथले इंजिनिअर म्हणाले, "आमचाच आहे, साहेब. वादळात तार तुटली की इथूनच त्या लाईनची वीज बंद करता येते."

"मग पत्रात नाही म्हणून कसं लिहिलंत?"

त्यांनी पत्र काढून दाखवलं. "तुम्ही सतरा नंबर विचारलात. सतरा नंबरचा खांब मागच्या वादळात पडला. त्या जागी नवा खांब आहे, त्याचा नंबर वेगळा."

गावातले लोक अजून जुन्याच नंबरांनी पत्ता सांगत होते. पाटलांनी सांगितला तो नंबर मी पत्रात लिहिला. खांबावर रंगवलेला आकडा मी एकदाही वाचला नव्हता.

त्याच दुपारी पासपोर्टच्या अहवालावर सही केली आणि जीप घेऊन चाचांकडे गेलो. गाडी वळली तशी शेजारची दोन दारं लागली. चाचा ओटीवर आले.

"तुमचं काम झालं, चाचा. अहवाल गेला. चूक माझी होती."

"बरं झालं," ते म्हणाले. मग जीपकडे पाहिलं. "पण गाडी घेऊन नका येऊ, साहेब. गाडी बघून लोक दारं लावतात."

मी गाडी परत पाठवली आणि गणवेशातच त्यांच्या ओटीवर बसलो. लोकांनी बघावं म्हणून. त्यांनी कोरा चहा केला. ऊन उतरलं तशी नेहमीसारखी सतरंजी घातली. रोज संध्याकाळी पत्ते खेळायला चौघे यायचे, असं त्यांच्या बोलण्यातून कळलं. दिवेलागण होईपर्यंत बसलो. रस्त्याने माणसं जात होती. चौघांपैकी कोणी आलं नाही.

पुढे पाटलांनी फोनवर सांगितलं, चाचा मुलीकडे गेले. एस.टी.च्या थांब्यावर पोचवायला कोणी नव्हतं. मी पाटलांना विचारलं, "तुम्ही का गेला नाहीत?" विचारलं खरं, पण मीही गेलो नव्हतो.

माणसाला ठाण्यात बोलवायला आमच्याकडे छापील नोटीस असते. याचा काही दोष नाही, असं गावाला सांगणारा कागद नसतो. नंतरच्या नोकरीत चौकशी करून ज्याला ज्याला सोडलं, त्याला पोचवायला मी स्वतः गेलो. दिवसा, चालत, बाजारातून. कुठे लोक बोलायला पुढे आले, कुठे नाही आले.

आता निवृत्त होऊन रत्नागिरीत एकटाच असतो. मुलगा परगावी. संध्याकाळी फाटक वाजलं नाही की वाटतं, मला निदान एवढं माहीत आहे की कोणी येणार नव्हतंच. चाचा पाच दिवस ठाण्यातून घरी जाऊन पत्त्यांसाठी सतरंजी घालून बसत होते.