तारमास्तरांचं बोटांनी वाचायचं पुस्तक

आमच्या घरात वाचता येणारं कुणी नव्हतं. कळव्याच्या खाडीलगतच्या मिठागरावर बाबा कामाला जात आणि आई डोक्यावरून मिठाच्या टोपल्या वाहायची. मी सहा वर्षांचा असताना मोहन्याहून मामाचं कार्ड आलं. पोस्टमन ते उभ्याउभ्या देऊन गेला. गावात पत्र वाचून देणारा एकच माणूस होता आणि तो नेमका लग्नाला गेलेला. आईने कार्ड चुलीमागच्या फळीवर ठेवलं. तीन दिवसांनी तो माणूस परतला, त्याने वाचलं. तिचे वडील अत्यवस्थ होते आणि लेकीची वाट बघत होते. आई मोहन्याला पोचली तेव्हा राख सावडूनही झाली होती.

ती परत आल्यावर बाबांनी मला समोर बसवलं. "माजे डोले मिठानं खाल्ले," ते म्हणाले. "तू शालंन जा. घरान एक तरी वाचनारा पायजे."

मी गेलो. मॅट्रिक झालो आणि आमच्या कुळात कॉलेजची पायरी चढणारा पहिला ठरलो. हे मी अभिमानाने सांगतो, त्यात लाजायचं काय? पण वाचता येणं म्हणजे नक्की काय, हे मला कॉलेजने शिकवलं नाही. ते कर्णिक तारमास्तरांनी शिकवलं, आणि त्यांना दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं.

सकाळी मुंबईला कॉलेज आणि दुपारी चारपासून कल्याणच्या एका सार्वजनिक ग्रंथालयात पुस्तकांच्या देवघेवीचं काम, असा माझा दिवस असे. नोकरीतल्या पहिल्याच सोमवारी एक उंच, ताठ गृहस्थ काठी टेकत आत आले. ऐन उन्हाळ्यात अंगात रेल्वेचा काळा कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. काठी टेबलाच्या पायाला लागली तसे थांबले.

"नवीन कोण?"

"मी, काशिनाथ म्हात्रे."

"सूचनावही काढ, काशिनाथ. आणि लिही. 'या ग्रंथालयात मला वाचता येईल असे एकही पुस्तक नाही. कर्णिक.' लिहिलंस? आता वाचून दाखव."

मी वाचून दाखवलं. ते मान हलवून निघून गेले. मग मी वही मागे चाळली. दर सोमवारी तेच वाक्य, वेगवेगळ्या कारकुनांच्या अक्षरात, थेट दोन वर्षं मागेपर्यंत! आणि प्रत्येक वाक्याखाली कार्यकारी मंडळाचा लाल शाईतला शेरा, 'नोंद घेतली.'

तीन-चार सोमवार गेल्यावर मी धीर करून विचारलं, "मास्तर, म्हणजे तुम्हाला असं नाही का वाटत, की आता इतकी वर्षं आपण तेच तेच सांगतोय आणि समोरून काही..."

"अरे, तार कर, तार! पत्र नको लिहूस," ते म्हणाले. हे त्यांचं पेटंट वाक्य. लांबण लावलेली त्यांना खपत नसे.

"तेच तेच का लिहिता?"

"हां. पोच येईपर्यंत तार पुन्हा पाठवायची असते. 'नोंद घेतली' म्हणजे पोच नव्हे."

कल्याण स्टेशनात वीस वर्षं त्यांनी कडकट्टवर, म्हणजे तारयंत्रावर, तारा घेतल्या होत्या. काचबिंदूने डोळे गेले आणि नोकरीही गेली. चाळिशी उलटल्यावर ते मुंबईला जाऊन ब्रेल शिकून आले. "सहा टिंबांचा तर खेळ," ते म्हणत, "कानाने ऐकायचं ते बोटाने ऐकायचं." पण शिकून करायचं काय? देशी भाषांसाठीची नवी ब्रेल तेव्हा नुकतीच ठरलेली होती आणि मराठीत हाताला लागेल असं पुस्तक मिळणं मुश्किल होतं. स्वतःसाठी त्यांना वाईट वाटत असेल, पण ते कधी बोलले नाहीत. बोलायचे ते यमुनाताईंबद्दल.

यमुनाताई पारनाक्याजवळ, मास्तरांच्या शेजारी भावाकडे राहत. वय तेवीस. लहानपणी देवी आल्या त्यात डोळे गेले होते. मास्तरांनी त्यांना ब्रेल शिकवली होती. मॅट्रिकच्या परीक्षेला त्या लेखनिक घेऊन बसल्या आणि इतिहासात नापास झाल्या. कारण साधं होतं. भाऊ कामावरून आल्यावर धडा एकदा वाचून दाखवी. दुसऱ्यांदा वाच म्हणायची त्यांना चोरी. मुंबईच्या एका अंधशाळेत शिक्षिकेची जागा होती. मॅट्रिक झालीस तर जूनपासून ये, असं त्या शाळेने कळवलं होतं. भावाने मात्र स्पष्ट सांगून टाकलं होतं, "यमुने, यंदाचं शेवटचं. नाहीतर मुरबाडला काकांकडे जाऊन राहा."

"ऐकलेलं दुसऱ्याचं असतं, वाचलेलं आपलं," मास्तर मला म्हणाले. "तिला इतिहासाचं पुस्तक हवं. स्वतःचं. तुझा आवाज स्वच्छ आहे. हेल आगरी आहे, पण अक्षर गिळत नाहीस. वाचशील?"

गणपतीनंतर आम्ही सुरुवात केली. मी ग्रंथालयात जाण्याआधी तासभर मास्तरांच्या ओटीवर बसून इतिहास वाचायचो आणि ते टोचायचे. जाड कागद धातूच्या पट्टीत अडकवायचा आणि चौकटी-चौकटीतून टोचणीने टिंबं पाडायची. टोचायचं उजवीकडून डावीकडे. कागद उलटला की टिंबं वर उठलेली, मग वाचायचं डावीकडून उजवीकडे. मला ते काही झेपेल असं वाटलं नाही, आणि खरं सांगतो, शिकावंसंही वाटलं नाही. मी डोळस होतो, कॉलेजात जात होतो. माझं काम वाचून दाखवायचं.

डिसेंबरअखेर पावणेतीनशे पानं झाली. सुटी पानं, सुतळीने बांधलेली. एकदा मास्तरांच्या घरी गठ्ठा सुटला, पानं ओटीभर पसरली. माईंनी, म्हणजे मास्तरांच्या पत्नीने, हाताला लागतील तशी गोळा केली. दुसऱ्या दिवशी यमुनाताई वाचता वाचता थांबल्या.

"मास्तर, अफझलखान राज्याभिषेकाला आला होता का हो?"

मास्तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी मात्र मनाशी ठरवलं की पुस्तकाची बांधणी झाली पाहिजे. कुणाला न सांगता करायची आणि संक्रांतीला त्यांच्या हातात ठेवायची. ज्याच्या घरात चार अक्षरं छापलेला कागद नव्हता त्या मला पुस्तकाचा मान कळत होता. 'नीट लावून आणतो' म्हणून मी गठ्ठा उचलला आणि आमच्या ग्रंथालयाच्या बाइंडरकडे, गणपतकडे दिला. "चांगलं मजबूत कर," म्हटलं.

गणपतने मजबूत केलं. लाल कापडी पाठ, कडक पुठ्ठे. "तीन दिवस शिकंज्यात ठेवलंय," तो अभिमानाने म्हणाला. "कागद फुगीर होता जरा. असा दाबलाय, आता वाऱ्यालासुद्धा आत जागा नाही."

मी त्याला शाबासकी दिली. डोकं कुठे होतं माझं, देव जाणे.

संक्रांतीच्या दिवशी तिळगुळासोबत मी ते पुस्तक यमुनाताईंच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी पाठीवरून हात फिरवला, कोपरे चाचपले, वास घेतला. चेहरा असा उजळला होता! मग पहिलं पान उघडलं. बोट फिरवलं. दुसरं पान. मधलं एक. बोट आधी सावकाश, मग भराभर.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "हे कोरं आहे."

मास्तरांनी हात पुढे केला. एका पानावर तळवा टेकवला आणि तिथेच ठेवला.

"काशिनाथ, दाबलं का हे कुणी?"

"मास्तर, मी म्हटलं बांधणी केली तर पानं... बाइंडरने नेहमीप्रमाणे..."

या वेळी ते 'तार कर' म्हणाले नाहीत. मीच आवरलं. "हो. शिकंज्यात."

यमुनाताई रडल्या नाहीत. पुस्तक मिटून नीट बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "मार्चला दीड महिना आहे. यंदा बसत नाही म्हणून दादाला आजच सांगून टाकते." हे ऐकण्यापेक्षा कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

त्या गेल्यावर मी उठायला लागलो, तर मास्तरांनी बसवून घेतलं. "डोळे गेले हे मी सहा महिने साहेबाला कळू दिलं नव्हतं," ते म्हणाले. "कान ऐकायचा, हात सवयीने लिहायचा. एक दिवस फॉर्म बदलायचा राहिला. भिवंडीच्या एका घरी बारशाची तार, दुसऱ्या घरी मृत्यूची. दोन्ही एकाच कागदावर, एकावर एक. शिपायाला जे लागलं ते त्याने वाचलं, आणि बारशाच्या घरात बाळंतिणीने हंबरडा फोडला. चुकीबद्दल साहेब एक शब्द बोलला नाही रे. लपवल्याबद्दल बोलला. तू निदान लगेच सांगितलंस. आता मला सांग, पानावर काही दिसतंय का?"

मी पुस्तक उचलून खिडकीशी गेलो. सरळ धरलं तर काही नाही. तिरकं धरलं, आणि उजेडात बारीक बारीक वण उमटले.

"दिसतंय मास्तर! देवीच्या वणांसारखं..." आणि मी जीभ चावली, कारण यमुनाताई विसरलेली शाल घ्यायला परत येऊन दारात उभ्या होत्या.

मग त्याच म्हणाल्या, "असं? मग माझ्या तोंडावर काय लिहिलंय तेही वाच की, काशिनाथ. इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नाही."

मास्तर खो खो हसले. हसू ओसरल्यावर म्हणाले, "यमुने, दादाला सांगितलंस?"

"अजून नाही."

"नको सांगूस. पुस्तक मेलेलं नाही. आपल्याला लागत नाही एवढंच. याला दिसतंय. काशिनाथ, झोपवलंस तू, उठवायचं तू."

गणपतने स्वतःच बांधणी उसवली. बिचारा एकेक करून पानं मोकळी करत होता. पट्टीच्या काट्यांनी प्रत्येक पानाच्या कडेला बारीक भोकं पडलेली होती. त्या भोकांत काटे बसवले की पान अगदी पहिल्या जागी बसे. मग वण दिसेल तिथे टोचायचं. पण मास्तरांनी मला पहिले चार दिवस टोचणीला हात लावू दिला नाही. "आधी अक्षरं शिक. नुसते वण बघून टोचणं हे गोधडी शिवणं झालं."

मी शिकलो. कॉलेजला दीड महिना सकाळी दांडी मारली आणि दुपारी ग्रंथालयात खिडकीजवळच्या टेबलावर देवघेव करता करता टोचत बसलो. वर्तमानपत्र वाचायला रोज येणारे एक पेन्शनर हेडक्लार्क चष्मा वर करून म्हणाले, "हे काय चाललंय? शिवणक्लास?" मी सांगितलं. ते गेले, वर्तमानपत्र वाचलं, परत आले. "एक टोचणी आहे का जादा?" आठवडाभरात त्या टेबलावर चौघे झाले. मास्तर रोज येऊन आमच्याकडून अक्षरं घटवून घेत. चुकलं की शब्दाने मारत. "हेडक्लार्कसाहेब, पेशव्यांचा काना कुठे गेला? पेन्शनीत गेला?"

झालेली पानं तपासायच्या यमुनाताई, आणि त्या मास्तरांपेक्षा कडक. "काशिनाथ, हे पान परत कर. तिसऱ्या ओळीत दोन टिंबं बसलीच नाहीत. खिडकीतून कोण जात होतं?" वण जिथे अगदीच पुसले होते तिथे छापील पुस्तकावरून मीच मजकूर टोचला. पुढे पुढे मला ओळ डोळे मिटून लागायला लागली. त्या दिवशी मी ओटीवर मोठ्याने एक ओळ बोटाने वाचून दाखवली. मास्तर म्हणाले, "आता तू साक्षर झालास." मी बी.ए. झालो तेव्हा सगळ्यांनी पेढे मागितले, कौतुक केलं. पण हे वाक्य मी कुणाला विकणार नाही.

शेवटचं पान परीक्षेच्या नऊ दिवस आधी झालं. ते नऊ दिवस यमुनाताईंनी कुणालाही वाचून दाखवायला सांगितलं नाही. त्यांच्या वहिनी सांगत होत्या, भाकऱ्या थापतानाही एक हात पिठात आणि एक हात पुस्तकावर.

निकालाच्या दिवशी मास्तर सकाळपासून ग्रंथालयाच्या बाकावर बसले होते. मी वर्तमानपत्रातला नंबर दोनदा वाचला. त्यांनी तिसऱ्यांदा वाचायला लावला. मग कोटाचं वरचं बटण काढलं आणि म्हणाले, "माईला कोलंबी आणायला सांग. यमुनेच्या घरच्या सगळ्यांना जेवायला बोलाव, त्या भावालासुद्धा."

मास्तर त्यानंतर चार वर्षं होते. त्या चार वर्षांत आमच्या टेबलावरून आणखी पुस्तकं तयार झाली. व्याकरणाचं, भूगोलाचं, आणि मास्तरांच्या हट्टापायी एक स्वयंपाकाचंही. पुठ्ठे गणपतच करी, सैल आणि उभे ठेवता येतील असे. शेवटच्या आजारात मास्तर अंथरुणात पडल्या पडल्या छातीवर भूगोल ठेवून वाचत. गेले तेव्हा तो त्यांच्या हाताखालीच होता. माईंनी तो ग्रंथालयात आणून दिला, कारण त्याची मुदत संपली होती.

कल्याणच्या त्या ग्रंथालयात आज बोटांनी वाचायच्या पुस्तकांचं एक कपाट आहे. ठाण्यापासून कर्जतपर्यंतचे वाचक तिथून पुस्तकं नेतात. कपाटातलं पहिलं पुस्तक इतिहासाचं आहे. ते वाचून यमुनाताई मॅट्रिक झाल्या, इतिहासात त्यांना चोपन्न गुण मिळाले, आणि त्याच जूनमध्ये त्या मुंबईच्या अंधशाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाल्या.